मंगळाच्या मातीतलं जास्तीचं पाणी

एकाच लॅबमध्ये दहा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, खिशात सुट्टे स्क्रू साठतात तसे. आइंडहोवनच्या मित्रमंडळींत मी ते रंगवून सांगतो आणि लोक हसतात. फक्त आंकेचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठतो. आज उठत नाही, सांगूनच टाकतो.

*

आधी काम काय ते. मंगळावर माणसं गेलीच, तर पाणी आणि परतीचं इंधन इथून वाहून नेणं शक्य नाही, तिथल्याच माती-हवेतून काढावं लागणार. म्हणून आम्ही ज्वालामुखीचा दगड दळून मंगळासारखी माती बनवतो, भट्टीत तापवतो आणि निघालेली वाफ थंड करून पाणी मोजतो. पुढे त्याच पाण्यातला हायड्रोजन वापरून मिथेन, म्हणजे इंधन. भट्टी माझ्याकडे.

खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, काय काम करता? मी छाती फुगवून हे सगळं ऐकवलं. बाहेर चार दिवस पाऊस थांबला नव्हता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "न्यायचंच असेल तर इथलं न्या!"

*

आंके आमची पीएचडीची विद्यार्थिनी. कमी बोलायची, आणि वजनकाट्यासमोर श्वाससुद्धा रोखून धरायची. मातीतून पाणी किती निघतं, हा तिच्या प्रबंधाचा शेवटचा चॅप्टर होता.

त्या वर्षी खंडेनवमी कामाच्या दिवशी आली. पुण्यात वडील वर्कशॉपमधल्या लेथला हार घालायचे. म्हटलं, आपली भट्टी काय कमी आहे? सकाळी सातला, कोणी यायच्या आत, हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल घेऊन शिरलो. पूजा करायची तर यथासांग, म्हणून भट्टीचं दारही उघडलं. फूल पाण्यात बुडवून तीनदा शिंपडलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला, बाहेरून सगळं पुसून दार लावलं. आत आंकेने आदल्या दिवशी वाळवून, वजन करून ठेवलेली वाटीभर माती होती. त्या वाटीकडे माझं लक्षच गेलं नाही, देवाशपथ.

*

दुपारी आलेख आला. पाणी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. आमचे बॉस यान चक्क खुर्चीतून उठले. एरवी ते जेवायलाच उठतात.

इथे ज्याचं कौतुक, त्यानेच केक आणायचा. दुसऱ्या दिवशी आंकेने आईच्या हातचा सफरचंदाचा केक आणला. मला आलेख बघताक्षणीच कळलं होतं की जास्तीचं पाणी माझ्या झेंडूच्या फुलातलं आहे. तरी मी तिच्याशी हात मिळवला, अभिनंदन केलं आणि केकचे दोन तुकडे खाल्ले. पहिल्याचं एक वेळ समजू शकतो. दुसऱ्याची आजही लाज वाटते.

*

आठवड्याने वाटी साफ करताना आंकेला एक काळा, लांबट कण सापडला. मायक्रोस्कोपखाली ठेवला. यान म्हणाले, नवीन खनिज असेल. तासभर आम्ही तिघं आळीपाळीने वाकून बघत होतो.

मला खनिजाचं नाव माहीत होतं. सोना मसूरी! घरी त्या तांदळाची पाच किलोची पिशवी आहे. मी फक्त "इंटरेस्टिंग" म्हणालो. आंकेने तो कण डबीत घातला आणि वर चिठ्ठी लावली, 'अज्ञात'.

*

प्रयोग पुन्हा केला, पाणी कमी. परत केला, कमीच. असे सहा महिने गेले. आंकेचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि हा चॅप्टर उभा राहिला नाही तर डॉक्टरेट हुकणार होती. एका मीटिंगमध्ये याननी सगळ्यांदेखत विचारलं, वजन तरी नीट करता येतं का तुला? तिचे कान लालबुंद झाले. मी वहीत चौकोन काढत होतो.

घरी मेधाला, माझ्या बायकोला, सांगितलं. वाटलं, म्हणेल की होतं असं कधीकधी. ती म्हणाली, "पूजा भट्टीची केलीस आणि बळी त्या पोरीचा दिलास?" आज सांगूच, असं मी रोज ठरवायचो आणि रोज आंकेबरोबर कॉफी पिऊन घरी यायचो.

*

मग मुलीच्या वाढदिवसाला मेधाने मुद्दाम आंकेला बोलावलं. औक्षण झाल्यावर आंकेने ताटातला अक्षतांचा एक दाणा उचलला, निरांजनापाशी धरून नीट पाहिला आणि मला विचारलं, हे कशासाठी असतं? मेधा माझ्याकडे बघत होती. याहून सोपी संधी मला कोणी दिली नसती.

"डेकोरेशन," मी म्हणालो.

आंकेने मान हलवली. दाणा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी मीटिंगमध्ये तिने जाहीर केलं की पहिलं रीडिंग ती रद्द करते आहे. याननी कारण विचारलं. ती म्हणाली, सॅम्पल खराब झालं होतं, लक्ष मी ठेवायला हवं होतं. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर आईवडिलांकडे राहून तिने तो चॅप्टर पहिल्यापासून लिहिला.

*

इथे डॉक्टरेटची परीक्षा भर सभागृहात होते. उमेदवाराच्या दोन बाजूंना दोन सोबती उभे राहतात, त्यांना पॅरानिम्फ म्हणतात. जुन्या रिवाजाप्रमाणे उमेदवार अडला तर उत्तर त्यांनी द्यायचं. आंकेने त्यासाठी मला विचारलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? भाड्याचा, मागे शेपट्या असलेला काळा कोट चढवून मी उभा राहिलो.

प्रबंधाबरोबर उमेदवार स्वतःची काही विधानंही छापतो. त्यातलं शेवटचं जरा गमतीचं असतं. परीक्षकांपैकी एका वयस्कर प्राध्यापिकेने ते मोठ्याने वाचलं, "दुसऱ्या ग्रहाच्या मातीत पाणी सापडल्याचं जाहीर करण्याआधी, त्या दिवशी कोणता सण होता हे सहकाऱ्याला विचारून घ्यावं."

सभागृह हसलं. बाईंनी विचारलं, मग कोणता होता?

आंके माझ्याकडे वळली. "याचं उत्तर माझे पॅरानिम्फ देतील."

यान समोर परीक्षकांत बसले होते. तिसऱ्या रांगेत मेधा होती.

"खंडेनवमी," मी म्हणालो. "पाणी मी शिंपडलं होतं."

प्राध्यापिकाबाईंनी पेनाचं टोपण काढलं, कागद पुढे ओढला आणि विचारलं, "स्पेलिंग सांगता?"