जसोतीचा आजार

जसोती कधीच आजारी नव्हती. आजारी होता तो तिचा मोठा भाऊ, मुरली. कच्छातल्या आदिपूरला आमच्या सिंधी घरांच्या ओळीत हे ठाऊक असलेली जुनी माणसं आता थोडीच उरलीत, आणि तीही बोलत नाहीत.

मुरलीला जन्मापासून थॅलेसेमिया. हाडांच्या आतल्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात. त्याच्या तांबड्या पेशी पुऱ्या वाढण्याआधीच फुटून जायच्या. ताराचंदशेठ कापडाचं दुकान बंद ठेवून त्याला गांधीधामला रक्त चढवायला न्यायचे. थोडे दिवस गाल गुलाबी दिसायचे, मग पोरगं पुन्हा मैद्यासारखं पांढरं. पोटात प्लीहा वाढून सदऱ्याचं बटण लागत नसे.

दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात सांगितलं की भावंडाचा मगज जुळला तर मुलगा बरा होईल. जसोतीचा जुळला. ती सहा वर्षांची होती. तिला कुणी काही विचारलं नाही. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढला आणि छातीत घातलेल्या नळीतून सलाईनसारखा मुरलीला चढवला. घाबरलेल्या ताराचंदशेठना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: त्यात मूळ पेशी असतात, त्या रक्तातून आपली वाट काढत मुलाच्या हाडांत जाऊन बसतील आणि तिथं तांबड्या, पांढऱ्या, सगळ्या पेशी नव्यानं घडवतील. मुलीचं काही कमी होणार नाही, काही आठवड्यांत तिची हाडं पुन्हा भरतील.

तसंच झालं. मुरली बरा झाला. त्याचा रक्तगटसुद्धा बदलून बहिणीचा झाला. सतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, ओळीत घरोघर गोड भाताची ताहिरी वाटली.

जसोती बी.एड. होऊन मी शिकवायचे त्याच शाळेत शिकवायला लागली. राजकोटचं एक स्थळ आलं. मुलगा तिला आवडला होता, हे मला मधल्या सुट्टीत तिनं न सांगताही कळायचं. बोलणी होत आली तेव्हा मुलाच्या मावशीच्या कानावर गेलं की या घरात मगजाचं काहीतरी ऑपरेशन झालंय. ती विचारायलाच आली. नेमकं त्याच वेळी मुरलीचं अहमदाबादच्या डिंपलशी ठरलं होतं, पत्रिका छापायला गेल्या होत्या. मी त्या दिवशी तिथेच बसले होते.

"आजार कुणाला होता?" मावशीनं विचारलं.

"मुलीला होतं लहानपणी काहीतरी," सतीबाई म्हणाल्या. "मुरलीनं मगज दिला. आता ठणठणीत आहे."

जसोती पकवानाची थाळी घेऊन दारातच उभी राहिली. तिनं मुरलीकडे पाहिलं. तो म्हणाला, "हो, आता काही नाही तिला."

मावशी उठून गेली, आणि राजकोटचं स्थळ मोडलं. त्या संध्याकाळी ती घरात खूप भांडली. ताराचंदशेठनी तिला समजावलं की मुरलीचं मोडलं तर पुन्हा जमणार नाही, तुला काय, दुसरं स्थळ येईल. आलं नाही. कच्छपासून उल्हासनगरपर्यंत आमच्या लोकांत अशी गोष्ट पोचायला वेळ लागत नाही.

डिंपल सून म्हणून आली. तिला मूल झालं नाही. मगज चढवण्याआधी जुना जाळून काढायला जी जहाल औषधं देतात, त्यांनी मुरलीची मूल होण्याची ताकदही जाळली होती. ओळीतल्या बायका मात्र डिंपललाच वांझ म्हणत. एका राखीला पाहुण्यांसमोर तीच जसोतीला म्हणाली, "नीट ओवाळ गं. त्यांच्या मगजावर जगतेयस तू."

जसोती तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. आजवर गिळलेलं सगळं तिनं ओकून टाकलं. "त्याच्या छातीवर नळीचा व्रण आहे, भाभी. तो कसला, हे कधी विचारलंस?"

डिंपल कांद्याची जाड पोळी, कोकी, लाटत होती, ती लाटतच राहिली. "विचारलं. मूल होईना तेव्हा डॉक्टरांपुढे त्यांना खरं बोलावंच लागलं. मला सगळं ठाऊक आहे."

"मग मघाशी तसं का बोललीस?"

"मी वांझ म्हणून ऐकून घेते. तू आजारी म्हणून ऐकून घे. मी एकटीनंच का?"

हे मला सांगताना जसोती म्हणाली की डिंपलचा राग आला असता तर बरं झालं असतं.

पुढे ताराचंदशेठ गेले. मुरलीनं धंदा अहमदाबादला हलवला. सतीबाईंना अर्धांगवायू झाला, तेव्हा तिकडचं घर लहान पडतं म्हणून आई जसोतीकडेच राहिली. मुरली चेटीचंडला, आमच्या नव्या वर्षाला, येतो, आईच्या पायांशी बसतो, मिठाईचा पुडा ठेवून संध्याकाळी परत जातो. भरलेल्या अंगाचा, लालबुंद गडी झालाय आता.

मध्यंतरी मी नव्या शेजारणीला त्यांच्याकडे घेऊन गेले होते. सतीबाई वाकड्या तोंडानं तिला सांगू लागल्या, "हिला लहानपणापासून रक्ताचा आजार. हिच्याशी कोण लग्न करणार? मी आहे म्हणून हिचं चाललंय." त्या काही लपवत नव्हत्या. त्यांना ते खरंच वाटत होतं.

बाहेर आल्यावर मी जसोतीला विचारलं, आईला एकदा सुनावत का नाहीस?

"काय सुनावू? तिला तसंच आठवतं. इस्पितळात माझ्या उशाशी बसून रडायची, असं मलाच सांगते. बसली होती ती मुरलीपाशी. मी दुसऱ्या वॉर्डात होते, आयाजवळ." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "आता निदान तिच्या डोक्यात तरी ती माझ्याजवळ बसलेली आहे."

आतून सतीबाईंनी हाक मारली. कूस बदलायची होती. जसोती आत गेली.