मामांचे पाय आणि मुलुंडची गॅस लाइन

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जमिनीखालून जे जे जातं, ते माझ्या मित्राच्या मामांच्या पायांना विचारूनच पुढे जातं, यावर आमच्या अख्ख्या चाळीचा विश्वास होता. मामा पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आले, म्हणून मालवणकडच्या त्यांच्या गावात विहीर खणायची झाली की पोरवयातल्या मामांना माळावर चालवत. मुंबईला गिरणीत आले आणि विहिरी संपल्या. पण उपनगरांत इमारती उगवायला लागल्या, तशी त्या पायांना पुन्हा मागणी आली. चाळीतला कुणीही ब्लॉक बुक करायला निघाला की आधी मामांना न्यायचा. मामा ब्लॉक बघतच नसत. चपला काढून बिल्डरच्याच माणसाच्या हातात देत, डोळे मिटत आणि टाचा टेकवत प्लॉटभर फिरत. पाणी गार लागतं, गटार चिकट लागतं आणि गॅसच्या लाइनीवर गुदगुल्या होतात, हे त्यांचं शास्त्र. एका लग्नात खाली गटार लागतंय म्हणून त्यांनी अर्धी पंगत वाढलेल्या पानांसकट सरकवली होती. वरमायसुद्धा निमूट सरकली. स्वतःसाठी मात्र एकही जमीन त्यांना पसंत पडेना. मामी म्हणायची, “पायाळू नवरा केला, नि पाय ठेवायला जागा नाही.”

मला या सगळ्याची चीड यायची. आमची रहिवाशांची संघटना गॅस लाइनीजवळच्या बांधकामांविरुद्ध पत्रकं वाटत होती. लाइन फुटेलच, असं आम्ही कधीच लिहिलं नाही. लाइनीपासून इमारत किती लांब आहे, परवानगी लेखी आहे का, गळती झाली तर बंब कुठून आत येणार, एवढंच विचारा म्हणत होतो. हे विचारायला जीभ लागते, तळवे नाहीत. पण लोक आमच्या पत्रकात भजी बांधत आणि मामांसाठी रिक्षा आणत.

मग मुलुंडची ती जागा निघाली. मामीला दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक फार आवडला, आयुष्यात पहिल्यांदाच. बुकिंगच्या रविवारी बिल्डरने मांडव घातला होता. इमारतीला लागूनच एक लांबलचक रिकामा पट्टा होता, ‘नियोजित बाग’ अशी पाटी लावलेला. लाइन कुठून जाते ते दाखवणारे गॅस कंपनीचे पिवळे दगड त्यातच होते. त्यांना चुना फासून वर तुळशीच्या कुंड्या मांडलेल्या. मी एक कुंडी उचलून सगळ्यांना दगड दाखवला. बिल्डर हसला. म्हणाला, पोराच्या कागदाचं सोडा, मामांनाच चालू द्या.

मामा चालले. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग आडवे. मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. दगडापाशी येऊन मामा थांबले आणि डोळे उघडून मला म्हणाले, “दगड खरो?”

“खरा, मामा. खाली लाइन आहे.”

त्यांनी दगडाशेजारी पुन्हा एकदा टाच टेकवली. ‘काही नाही’ म्हणाले असते तर सगळ्या मांडवाने सह्या केल्या असत्या आणि मामी दुसऱ्या मजल्यावर गेली असती. ‘गुदगुल्या झाल्या’ म्हणाले असते तरी मान राहिला असता. मामा मांडवाकडे वळले.

“मगे माझे पाय खोटे. पाण्याचा माका कळता. गॅसचा कधी कळलाच नाय, इतकी वर्षा अंदाजान सांगत इलंय. ह्या पोराचा ऐका. लेखी मागा.”

मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारा सटकला. मी मोर्चे पाहिलेत, साहेबांच्या टेबलावर मुठी आपटणारे पाहिलेत. पण भर मांडवात आपला जन्माचा मान आपल्याच हातांनी उतरवून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला.

काहींनी लेखी मागितलं, बिल्डरने दिलं नाही, ते उठून गेले. बाकीच्यांनी बुकिंग केलं. इमारत उभी आहे, अजून तरी धड आहे, आणि तिथली मंडळी मामांना हसतात. मामांना आता कुणी प्लॉट दाखवायला नेत नाही.

परवा त्यांच्या खोलीवर गेलो. मुलुंडच्या मोठ्या खिडकीच्या मापाने मामीने आधीच पडदे शिवून ठेवले होते, हे मला तेव्हा कळलं. चाळीच्या वीतभर खिडकीला ते दुमडूनही जमिनीवर लोळत होते. मी कापून घ्या म्हणालो. मामी म्हणाली, “असू देत रे. कापले की मग मापाचे राहणार नाहीत.”