जेवणानंतर एक

माझं अक्षर चांगलं आहे. फुशारकी म्हणून नाही, त्याच अक्षरानं माझा घात केला म्हणून सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं शिकवतेय. फळ्यावरचा सुविचार, कुणाच्या सत्काराचं मानपत्र, पोषण आहाराचा तक्ता, सगळं माझ्याच गळ्यात पडतं. घरीही मला नुसतं तोंडानं सांगून समाधान होत नाही. लिहून देते, खाली रेघ मारते, आणि ती रेघ लाल असते.

लेक बारा वर्षांची असताना तिला पहिल्यांदा फिट आली. त्याच्या दोन वर्षं आधी मी आणि तिचे वडील वेगळे झालो होतो. भांडण कशावरून, ते आता सांगायला बसले तर माझं मलाच हसू येईल. मला श्रीरामपूर आणि नोकरी सोडायची नव्हती, त्यांना काष्टीचा गोठा सोडायचा नव्हता, आणि माघार घ्यायला आम्हा दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. कोर्टात कुणी गेलं नाही. पोरगी माझ्याकडे राहायची, सुट्टीत आणि सणावाराला त्यांच्याकडे. नगरच्या बसस्टँडवर मी तिला त्यांच्या हवाली करायची. तेवढ्यात आमचं जे काही बोलणं व्हायचं ते एवढंच, की परतीची गाडी कितीची हाय.

मग गोळ्या आल्या आणि आम्हाला भांडायला नवा विषय मिळाला.

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लिहून दिली, काही वर्षं तरी चालू ठेवा म्हणाले. फिट थांबल्या. पण पोरगीही कुठंतरी थांबली. पूर्वी ती शाळेतून आली की दप्तर काढायच्या आधी बोलायला सुरुवात करायची. आता जेवताना घास हातात धरून बसायची. मला ते दिसत नव्हतं असं नाही. मी ते बघायचं नाही असं ठरवलं होतं, कारण जमिनीवर तडफडणारी लेक मी एकदा पाहिली होती.

"पोरगी पेंगती," ते फोनवर म्हणायचे. "हाका मारल्या तरी वळून बघत न्हाई. औषध हाय का भूल?"

"फिट येत नाही ना? मग?"

"आमच्या घरात कुनाला न्हाई हे. तुझ्या मावशीला हुतं."

"आणि पाच वर्षांची असताना ती तुमच्या गाडीवरून पडली होती, डोक्याला टाके पडले होते, ते विसरलात?"

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की हे कुणामुळेच झालेलं नाही. ते काही आम्हा दोघांना पटलं नाही. कुणाचाच दोष नाही म्हटल्यावर भांडायचं कुणाशी?

गेल्या वर्षी ऐन नवरात्रात मला संगमनेरला दहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण लागलं. सुटका नव्हती. लेक नववीत होती, पण तिला घरात एकटीला ठेवायची सोय नव्हती. शाळा बुडवून तिला काष्टीला पाठवायचं ठरलं. निघायच्या आधी मी वहीचं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. एक, सकाळी जेवणानंतर एक, रात्री जेवणानंतर एक. दोन, उपाशीपोटी अजिबात द्यायची नाही. तीन, तिला विचारत बसू नये, समोर उभं राहून द्यावी. दुसऱ्या ओळीखाली दोनदा लाल रेघ मारली, कारण मागं एकदा रिकाम्या पोटी घेतलेली गोळी तिनं उलटून टाकली होती.

स्टँडवर मी तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी शाळेतल्या पोरासारखा तो नीट वाचला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. हा माणूस गाईच्या कानातला बिल्ला बघून तिची लस कधी झाली ते सांगणारा. तरी मी म्हटलंच, "गाईचं नाही, पोरीचं आहे. नीट बघा."

रोज संध्याकाळी मी लेकीला फोन करायची. प्रशिक्षणाच्या हॉलबाहेर बायकांची गर्दी, प्रत्येकीच्या कानाला फोन. मी एकच विचारायची, "कागदाप्रमाणे चाललंय ना?"

"हो गं. कागदाप्रमाणेच."

तिचा आवाज त्या दिवसांत मोकळा वाटायचा. मला बरं वाटलं. म्हटलं, हवापालट झाला.

सातव्या माळेच्या सकाळी त्यांचा फोन आला. घटाला माळ घालायला ती फुलं घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढत होती, तिथंच फिट आली. हनुवटी फुटली होती आणि पुढचे दोन दात तुटले होते. तिला नगरच्या दवाखान्यात आणलं होतं. मी मिळेल ती एसटी पकडून पोचले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती, हाताला सलाईन, ओठ सुजून निळा. ते कोपऱ्यात उभे होते. नवरात्र म्हणून अनवाणी.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या किती दिवस बंद होत्या?

"आज सातवा दिस," ते म्हणाले. "नवरात्र हाय. पोरीनं उपास धरलाय. कडक. दूध आन् पानी, बाकी काय न्हाई."

मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिथं शेजारच्या खाटेवरचे पाहुणे होते, नर्स होती, दारात चहावाला होता. सगळ्यांसमोर मी म्हटलं, की तुम्हाला गोळ्या बंद करायच्याच होत्या, देवी आयती सापडली. तीन वर्षं मी सांभाळलेली पोर तुम्ही सात दिवसांत मोडून ठेवलीत. आणखीही बरंच बोलले. त्यातलं काही आता लिहवत नाही.

"मी न्हाई बंद केल्या," ते म्हणाले. हात खिशाकडे गेला. मग त्यांनी खाटेवर पडलेल्या लेकीकडे बघितलं आणि हात तसाच खाली घेतला.

"ही पोरगी आता तुमच्याकडं यायची नाही," मी म्हटलं.

आणि मी ते खरं केलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळ्याची सुट्टी लागली. त्यांचे फोन यायचे, मी लेकीकडे द्यायची, ती हं-हं करायची आणि ठेवायची. ती बापावर रागावलीय असंच मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला त्यात सुख वाटायचं. दात बसवले, तरी हसताना तोंडावर हात धरायची सवय तिला लागली ती लागलीच. प्रत्येक वेळी तो हात तोंडावर गेला की मी मनात त्यांना एक शिवी द्यायची.

मे महिन्यात तिच्या दवाखान्याच्या जुन्या कागदांची गरज पडली. दहावीच्या परीक्षेला जादा वेळ मिळावा म्हणून दाखला काढायचा होता, आणि नवरात्रात तिच्याबरोबर दिलेली फाइल काष्टीलाच राहिली होती. लेकीला न सांगता मी एकटीच गेले. शनिवार होता, गावात बाजाराची गर्दी. म्हटलं, ते बाजारात असतील, फाइल कुणाकडूनही घेऊ आणि पहिल्या गाडीनं परत फिरू. पण ते घरीच होते. गोठ्यातून हात पुशीत आले, बस म्हणाले, फाइल हातात दिली आणि चहा टाकायला आत गेले.

मी उभ्यानंच फाइल उघडली. सगळ्यात वर माझा कागद होता.

चार घड्यांनी मळलेला. माझं सुवाच्य अक्षर. आणि मोकळ्या जागेत त्यांच्या वाकड्यातिकड्या आकड्यांचा तक्ता. ती आली त्या दिवशीच्या खान्यात बरोबरची एक खूण, रात्रीची. मग घट बसले तो दिवस. तिथून पुढे रोज एकच मजकूर, सहा वेळा, न कंटाळता लिहिलेला: जेवन नाही. गोळी नाही.

वर माझ्या दोन लाल रेघा. उपाशीपोटी अजिबात द्यायची नाही.

मी खाली बसले. चौथी ओळ मी लिहिलीच नव्हती. काहीही झालं तरी एकही वेळ चुकवायची नाही, ही. ती मला इतकी पाठ होती, की ती कुणाला लिहून द्यावी लागेल हे डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं पोरांना सांगतेय, प्रश्न पूर्ण वाचा, उत्तर पूर्ण लिहा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ते चहा घेऊन आले. माझ्या हातातला कागद बघून कप खाली ठेवला.

"दवाखान्यात हा खिशात होता," मी म्हटलं.

"व्हय."

"मग दाखवला का नाहीत? सगळ्यांसमोर मी तुम्हाला..."

"पोरगी जागी हुती," ते म्हणाले. "डोळं मिटल्यालं, पर जागी हुती. तिला ऱ्हायाचं तुझ्यापाशी हाय. गोळी तुझ्या हातनं घ्यायची हाय. तुझ्यावरचाच इस्वास उडाला तर तिनं कुनाच्या हातनं घ्यायची?"

मी कागदाच्या घड्या पुन्हा घातल्या.

"आन् मी तरी कुठं लई धुतल्या तांदळाचा हाय," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "तुला फोन करून इचारायला पायजे हुतं. न्हाई इचारलं. कागदावर लिव्हलंय म्हनून बरं वाटलं मला. पयले चार-पाच दिस पोरगी काय बोलली म्हनून सांगू. गोठ्यात बादलीवर बसायची आन् बोलायची. शाळेचं, मैत्रिनींचं, तुझं. तुझी नक्कलबी केली. धार काढायची ऱ्हायली दोनदा. ते बोलनं बंद हुईल म्हनून मी कुनालाच काय इचारलं न्हाई."

चहा तसाच राहिला. गाडीत बसल्यावर मी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेरी कुणी गेलं का? मी नुसती मान हलवली. ती कशी हलवली ते माझं मला ठाऊक नाही.

घरी पोचायला साडेसात झाले. लेक स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी तो कागद तिच्यासमोर ओट्यावर ठेवला. थांबले असते तर धीर गेला असता.

"चूक पप्पांची नव्हती," मी म्हटलं. "मी लिहिलं तसंच त्यांनी केलं. माझी होती."

तिनं कागदाकडे बघितलं, पण हातात घेतला नाही.

"माहितीय मला. मीच वाचून दाखवला त्यांना. घट बसले त्या सकाळी. ते म्हणत होते, आईला फोन लाव, उपासाचं काय करायचं विचार. मी म्हटलं, कशाला, कागदावर स्पष्ट लिहिलंय की." कणकेचे हात ती एकमेकांवर घासत राहिली. "तुला विचारलं असतं तर तू उपास मोडायला लावला असतास."

म्हणजे आठ महिने ती बापावर नाही, स्वतःवर रागावली होती. त्या हं-हंचा अर्थ मला आत्ता लागत होता.

"पण एवढा कडक उपास कशाला? उठता-बसता धरायचा, पहिला आणि शेवटचा दिवस. तुझ्या वयाच्या पोरी तेवढाच धरतात."

"तिकडं सगळ्या म्हणतात, नऊच्या नऊ धरले की मागितलेलं मिळतं."

"काय मागितलं होतंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. वर्गातल्या सगळ्यात ढ मुलीकडे मी बघते तसं. मग तिचा हात, कणकेचाच, सवयीनं तोंडावर गेला.

"पण सातव्या माळेला मोडला ना," ती हातामागून म्हणाली. "दोनच राहिल्या होत्या."

पंधरा वर्षांची पोर. विज्ञानाच्या पेपरात वर्गात पहिली आलेली. आमचं दोघांचं जमत नाही त्याला तुझा उपास काय करणार, असं मी तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तिचा हात तोंडावरून काढला, पदरानं तिच्या ओठांची कणीक पुसली, आणि तिला धरून उभी राहिले. ती रडली नाही. औषध चालू झाल्यापासून ती फारशी रडतच नाही.

घड्याळात आठ वाजले. तवा अजून चढवला नव्हता, भाजी व्हायची होती. मी डबा उघडला, गोळी काढली आणि पाण्याचा तांब्या घेतला.

"जेवण?" तिनं विचारलं.

"आधी घे," मी म्हटलं.