त्यांचा काळोखाचा माळ नकाशावर पांढरा दिसला

मी इथे फारसं लिहीत नाही. पण आज दुपारी जे पाहिलं, ते अजून खरं वाटत नाही.

माझे यजमान गेल्या आठवड्यात गेले. बँकेतली नोकरी सांभाळून ते अमावास्येला पुण्याबाहेरच्या एका माळावर लोकांना आकाशदर्शनाला नेत. "माझी रक्षा घालून तिथेच झाड लावा. तिथून आकाशगंगा दिसते," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आजारपणामुळे आम्ही बरीच वर्षं तिकडे गेलो नव्हतो.

उद्या निघायचं होतं. माझी भाची उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडाचा अभ्यास करते. तिला मी सहज म्हटलं, तो माळ दाखव. जुन्या चित्रात तो पूर्ण काळा होता. नव्या चित्रात तिथे पांढराफटक डाग होता.

"मामी, इथे आता आपल्या कोथरूडइतकाच उजेड आहे गं."

"मग दादाला गच्चीवरच ठेवू. पेट्रोल तरी वाचेल," दीर म्हणाले आणि तोंड फिरवून रडायला लागले.

मी उद्याचं जाणं थांबवलं आहे. पुण्याजवळ रात्री खरोखर अंधार असलेली जागा आपल्यापैकी कोणाला माहीत आहे का?