गोपीनाथने चाखलेलं पाणी

वैशाखातली सकाळ. ऊन तापलेलं, कोरडा वारा सुटलेला. मिठाला चांगली हवा. डोंबिवलीच्या खाडीकाठी गोपीनाथ मिठागरात वाकून पाण्यात बोट बुडवत होता, चाखत होता. पाणी पिकलं की नाही, म्हणजे मीठ धरण्याइतकं दाट झालं की नाही, ते त्याची जीभ सांगायची.

म्हणूनच विहीर खणणाऱ्यांतला दगडू त्याला बोलवायला आला. वाडीची गोडी विहीर एकच. वरच्या अंगाला वीटभट्टीवाल्याने इंजिन लावून जमिनीतलं पाणी उपसायला घेतलं. तिकडे चाळी उठत होत्या, इथे विहिरीत घागर बुडेना. शेवटी वाडीने विहीर खोल करायला घेतली. तळाला निळी चिकणमाती लागली, तिच्यातून पाणी पाझरू लागलं.

"चाखून सांग," दगडू बोलला. "खारं असल तं हितंच लिंपून टाकतो. गोडं असल तं अजून हातभर उतरतो."

खाली उतरलेले सगळे मिठागरातलेच. खणती चालू असताना बायांनी काठावर यायचं नाही, ही वाडीची रीत. गोपीनाथने ओंजळ तोंडाला लावली.

"गोडं हाय. उतरा."

चिकणमाती फुटली. विहीर कमरेइतकी भरली. बायांनी काठाला हळदकुंकू वाहिलं.

आठवडा सरला नाही तोच गोपीनाथच्या बायकोची, तुळसाची, डाळ शिजेना.

"लाकरं ओली असतील," तो म्हणाला.

"वैशाखात?"

तिने दोन तांबे पुढ्यात ठेवले. एकात माठाच्या तळाचं जुनं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं ताजं. "सांग, कंचं कंचं?"

त्याने चाखलं. परत चाखलं. "दोनी सारखीच."

"जल्मभर मीठ चाटलंस. जीभ लोनच्यातल्या कैरीवानी झाली तुजी," तुळसा म्हणाली. "आनि आख्खी वाडी तुना विचारते. एका बाईला घोट द्याचा व्हता."

तो विहिरीवर गेला. दगडू काठावर बसून खाली बघत होता.

"बुजवता येल?"

"काय बुजवतंस? भरतीला पानी चढतं, ओहोटीला उतरतं. माती फुटली तितनं खाडीच आली आत."

"इंजिन बंद झालं तं?"

दगडूने मान हलवली. "आलेली खाडी मागं जायाची नाय."

पलीकडच्या वाटेने तुळसा आणि इतर बाया रिकाम्या घागरी घेऊन स्टेशनच्या नळाकडे निघाल्या होत्या. काल तिथल्या शिपायाने त्यांना हाकललं होतं. गोपीनाथकडे कुणी पाहिलं नाही.

तो मिठागरात परतला. सवयीने बोट बुडवलं, जिभेला लावलं. पाणी पिकलं होतं. त्याने फळी उचलली आणि मीठ ओढायला लागला.