हितं गेट, ओव्हर

बोलण्याआधी ते गप्प राहत. वॉकीटॉकी तोंडापाशी धरायची, बटण दाबायचं आणि एक आवंढा गिळण्याइतकं थांबायचं. मग म्हणत, "यार्ड, हितं गेट. ओव्हर." मी समोर चार हातांवर उभा असलो तरी हेच.

तुमच्याही गावात असा एखादा निवृत्त फौजी असेल आणि त्याला सगळे मेजरच म्हणत असतील. आमच्या मेजरांना ते पटत नसे. "हवालदार व्हतो मी, सिग्नलचा. खऱ्या मेजरनं आयकलं तर हुबा करील मला." पण लासुर्ण्यापासून बारामतीपर्यंत त्यांना दुसरं नाव उरलं नव्हतं. आमच्या साखर कारखान्याच्या गेटवर ते सुरक्षारक्षक होते. मी ऊस उतरवून घ्यायच्या यार्डात सुपरवायझर.

ते येण्यापूर्वी आमच्या वॉकीटॉकीवर बाजार भरलेला असे. मध्येच शिवी, मध्येच कुणाच्या डब्यात काय भाजी आहे त्याची चौकशी. मेजरांनी शिस्त लावली. आधी ऐका, मग बटण दाबा, दम घ्या, मग बोला. उत्तर हवं असेल तर शेवटी 'ओव्हर'. बोलणं संपलं असेल तर 'आऊट', आणि तेही ज्यानं कॉल लावला त्यानंच म्हणायचं. क्रेनवाला एकदा ऐटीत "ओव्हर अँड आऊट" म्हणाला, तर मेजर गेटवरून चालत त्याच्यापर्यंत गेले.

"ओव्हर म्हंजी तू बोल, मी थांबलोय. आऊट म्हंजी मी निघालो. पावण्याला ये बी म्हणतोस आन् त्याच्या तोंडावर दार बी लावतोस व्हय रं?"

मला वाक्य संपायच्या आत बटण सोडायची खोड होती. एका सकाळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यात, तार अडकली. ती काढायला फिटर आत उतरला. मी वरच्या ऑपरेटरला सांगितलं, "गव्हाण चालू करू नका." त्याला ऐकू गेलं, "गव्हाण चालू करू..."

"करतो," तो म्हणाला.

मी घाईत परत बटण चाचपू लागलो. तेवढ्यात, माझी खोड ठाऊक असलेल्या मेजरांचा गेटवरून आवाज आला, "थांब! थांब! बटनाला हात लावू नगंस! काय आयकलंस ते मला परत म्हण!"

फिटर तार हातात घेऊन वर आला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

मेजर मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. चहा पाजला आणि म्हणाले, "सायेब, आपल्या मराठीत नकार शेपटाला असतो. शेपूट तुटलं की जनावरच बदलतं. म्हणून नकार आधी घ्यायचा, दोनदा. नको, नको. मग काय ते." तो फिटर अजून मला हसून नमस्कार घालतो. ते हसू मला झेपत नाही.

नियम साऱ्या कारखान्यानं उचलला. फक्त माझ्या पुतणीच्या लग्नात, कन्हेरीला, तो उलटला. पंगतीत मेजर वाढप्याला म्हणाले, "नको, नको, जिलबी वाढू नको." त्यानं हसत दोन जास्तच टाकल्या. "आबा, पंगतीत नको म्हंजी वाढ!"

मेजर पानाकडे बघत राहिले. "ही प्रोसिजर येगळी हाय," म्हणाले, आणि सगळ्या खाल्ल्या.

गेल्या हंगामात ते आजारी पडले. बारामतीच्या दवाखान्यातून फोन आला. "यार्ड, हितं गेट. ओव्हर." आवाज पार बारीक झाला होता.

"बोला मेजर. बघायला येऊ का?"

फोनला बटण नसतं, तरी ते तेवढंच थांबले. "कशाला? हंगाम जोरात हाय. तुमी येऊ नका. ओव्हर."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखं वाटलं. यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागली होती. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मनाला सांगितलं. वजनकाट्यापर्यंत चालत गेलो असेन, आणि ते वाक्य कानात परत वाजलं. नकार आधी नव्हता. दोनदाही नव्हता. आणि त्याच्यामागे ओव्हर होतं. या माणसाकडून ओव्हर कधी चुकून पडलेलं मी ऐकलं नव्हतं.

यार्ड दुसऱ्याच्या हवाली केलं आणि मोटारसायकल काढली.

ते खाटेवर दाराकडे तोंड करून पडले होते. "लई येळ लावला सायेब. उत्तराची वाट बघत व्हतो."

"तुम्हीच येऊ नका म्हणालात की!"

"ते पंगतीतलं व्हतं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे बघून हसले.

अंधार पडेपर्यंत बसलो. क्रेनवाल्याची चौकशी झाली, फिटरची झाली. निघताना मी गमतीनं म्हणालो, "येतो मेजर. आऊट."

त्यांनी उशीवरच मान हलवली. "कॉल माझा हाय. आऊट मी म्हणीन."

ते म्हणायचं राहिलं. चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला.

गेटवर आता दुसरा माणूस आहे. भला आहे, मोबाईलवरच सगळं उरकतो. मी अजून वॉकीटॉकी बाळगतो. वाक्य संपलं तरी बटण क्षणभर दाबून ठेवतो. मग सोडतो, आणि थोडं ऐकतो.