उजवीकडचं बाळ

लग्न होऊन मी जामला आले. चौफुलीवर यांचं ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान होतं. पहिल्या तीन वर्षांत माझे दोन गर्भ गेले, दोन्ही पाचव्या महिन्यात. गावातल्या बायकांकडे कारणांची कमी नव्हती. एक म्हणे पपई, दुसरी म्हणे ट्रकचे हॉर्न.

दुसऱ्या खेपेनंतर सासूबाईच मला वर्ध्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. यांना म्हणे दुकान सोडवत नव्हतं. तिथे गर्भपिशवीत औषध सोडून एक्स-रे काढला. बाईंनी तो खिडकीशी धरला.

"हिची पिशवी मधोमध दुभागलेली आहे. जन्मापासूनच. बाळाला वाढायला जागा कमी पडते."

"म्हंजे लेकरू होनार नाई?" सासूबाईंनी विचारलं.

"होऊ शकतं. पुष्कळ जणींना होतं. दिवस भरायच्या आधी होतं, कधी पायाळू असतं. दिवस राहिले की लगेच या."

"आन् पपई?"

"पपईचा काही संबंध नाही."

सासूबाई उठल्या, पुन्हा बसल्या. "बाई, माहे चार गेले. एकच पोरगा जगला, तो बी सातव्या महिन्यातला. सासू म्हने, तुह्याच पायगुनानं गेले. माह्यं बी असंच असन का?"

"आता नक्की सांगता येणार नाही, आजी. पण असू शकतं."

"असू शकतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. एसटी स्टँडवर त्यांनी मला उसाचा रस पाजला, स्वतः दोन ग्लास प्यायल्या, आणि बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला दोघींच्याही पिशव्यांची हकीकत सांगितली. मी जामपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पोट उजवीकडेच वाढू लागलं. शेजारीण म्हणाली, "एकीकडंच काऊन?" सासूबाईंनी परातीतल्या पिठात बोटाने पिशवी काढून तिला समजावलं. त्या आठवड्यात निम्म्या गल्लीने ते पिठातलं चित्र पाहिलं. मला मात्र त्यांनी पाण्याची कळशीही उचलू दिली नाही.

आठव्या महिन्यात एका सकाळी पाणी गेलं. हे तेव्हा एका ट्रकचं चाक बसवत होते. त्याच ट्रकमधून आम्ही दोघी वर्ध्याला निघालो. सासूबाई ड्रायव्हरला एकदा म्हणत, "हळू चाल," लगेच म्हणत, "लवकर चाल." तो बिचारा दोन्हीला "हो माय" म्हणत होता.

बाळ पायाळू निघालं, म्हणून ऑपरेशन झालं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. तिला कापसात गुंडाळून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी तिने नीट दूध ओढलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्या संध्याकाळी हे आले. हात ग्रीसने काळे, म्हणून पाठीमागे धरून उभे. नर्सने धुवायला पाठवलं. तीनदा धुऊन आले तरी नखं काळीच होती. मग तिने लेक त्यांच्या हातावर ठेवली. तळव्यापासून कोपरापर्यंत अख्खी मावली.

"इतकीच?" ते म्हणाले.

"तू इच्याहून बी लहान होता," सासूबाई म्हणाल्या.

लेकीने जांभई दिली आणि झोपून गेली.